तारीख नसलेली तिकिटं

मडगावच्या जुन्या स्टेशनावर वावटळ आली
तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.
हे नक्की, कारण फलाटावरचं घड्याळ नंतर मिळालं
नावेलीच्या एका कोरड्या शेतात,
काटे तीन-दहावर चिकटलेले.
बाकी सगळं ऐकीव.

कायतान रेंदेर तेव्हा माडावर होता, सुर काढत.
तो म्हणायचा, तुम्ही सगळ्यांनी तिला खालून पाहिलीत,
मी समोरून पाहिली,
माणूस माणसाला पाहतो तशी.
पायाशी बारीक, डोक्याशी रुंद,
आणि पोटात पत्रे, कोंबड्या,
कुणाच्या तरी दोरीवरचा पांढरा परकर.
सुरावलीकडून रुळाला धरून आली,
वाटेत कुठे वळली नाही,
आणि स्टेशन आल्यावर थांबली.
गाडी थांबते तितकाच वेळ.

कौलं तर गेलीच.
मालगोदामाचं छप्पर अख्खं उचलून
रुळांवर उलटं ठेवलं, होडीसारखं.
मँगनीजचा भरलेला डबा जागचा हलला नाही,
त्याच्या शेजारचा वजनकाटा मात्र कुणाला पुन्हा दिसला नाही.
शेफ मिनेझिस मेजाखाली शिरले होते.
त्यांनी ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही,
पण टोपीवर शाईची दौत सांडली होती.

तिकीटघरात माझे वडील.
रामनाथ कुंकळयेकर, कारकून, वय एकोणतीस.
पाठीमागे भिंतभर लाकडी खण,
गावागणिक एक:
माजोर्डे, कासावली, चांदर, सांवर्डे, कुळे, कॅसलरॉक.
छप्पर गेलं आणि सगळी गावं एकदम सुटली.
बोटाएवढ्या पुठ्ठ्याच्या तिकिटांचा थवा
त्यांच्या कानाजवळून वर गेला,
आणि म्हणे बराच वेळ वरच होता.

मग आठवडाभर तिकिटं परत येत राहिली.
पोदेराच्या टोपलीत पावांखाली सात.
चर्चच्या घंटेमागे पारव्यांच्या घरट्यात तीन.
पोरांनी त्यांचे पत्ते केले होते,
कुळे म्हणजे राजा, कॅसलरॉक म्हणजे एक्का.
वडील फुटक्या खिडकीत बसून नंबर टिपून घेत.
शेफचा हुकूम होता:
तारीख नाही ते तिकीट नाही. मोजा आणि जमा करा.

बाणावलीची पियेदाद चालत आली.
अंगणात वाळत घातलेल्या सोलांमध्ये पडलेलं
एक तिकीट तिनं रुमालात बांधून आणलं होतं,
कडेनं लालभडक झालेलं. कॅसलरॉक, तिसरा वर्ग.
मुलगा तिकडेच, पल्याड, हुबळीच्या कारखान्यात.
दोन वर्षं पत्र नाही.
म्हणाली, बाबा, हे आभाळातून आलंय,
बाकीची घरं सोडून माझ्या अंगणात. मी जाणार.
वडील म्हणाले, यावर तारीख नाही.
ती म्हणाली, मग घाल.

तारीख मारायचं यंत्र वावटळीनं वाकवलं होतं.
वडिलांनी दौतीत टाक बुडवला,
आणि आयुष्यात एकदाच
हातानं तारीख लिहिली, वळणदार,
लग्नपत्रिकेवर लिहावी तशी.
वहीत त्या नंबरापुढे 'विकले' असं लिहून
दोन रुपये अकरा टांगे स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकले.
त्या महिन्यात आईनं दोनदा विचारलं, मासळी का नाही.

पियेदाद परत आली का?
मी विचारलं, बरेचदा.
वडील म्हणायचे, उतरणाऱ्यांची तिकिटं दारावरचा माणूस घ्यायचा,
ते खातं माझ्याकडे नव्हतं.

वही आता माझ्याकडे आहे.
एकेका नंबरापुढे बारीक बरोबरची खूण,
पानंच्या पानं.
फक्त चांदरच्या गठ्ठ्यातल्या
चारशे सतरा नंबरापुढे काहीच नाही,
'हरवले' असंही नाही.
जागा सोडलेली.

तो मीटरगेज गेला, स्टेशनही सरकलं.
त्या बाजूनं कधी गेले
तर मी उगाच वर बघते.